दादोजी कोंडदेव व पुणे प्रांताची पुनर्लावणी

दादोजी कोंडदेव : (? – १६४७). शहाजी राजे भोसले यांच्या पुणे जहागिरीचा कारभारी व आदिलशाहीतर्फे कोंढाणा किल्ल्याचा सुभेदार. ओस पडलेला पुणे प्रांत पुन्हा लागवडीस आणणारा आणि पश्चिमेकडील मावळ खोऱ्यांत जहागिरीचा अंमल बसविणारा अधिकारी म्हणून त्याची ख्याती आहे. समकालीन कागदपत्रांत त्याचे नाव बहुधा ‘दादाजी’ असे येते. ‘दादोजी’ हे रूप बखरींनी व लोकपरंपरेने रूढ केले. कोंडदेव हे वडिलांचे नाव. तो जातीने देशस्थ ब्राह्मण असून पाटस तरफेतील मलठण या गावचे कुलकर्णीपण त्याच्या घराण्याकडे होते. म्हणून जुन्या शकावलीत त्याचा उल्लेख ‘मलठणकर’ असाही आढळतो.

पाटस हे पुण्याच्या पूर्वेस सुमारे ६० किमी. वर, आजच्या दौंड तालुक्यात, पुणे–सोलापूर मार्गावर आहे. त्याच्या नावाची तरफ पुणे परगण्याचा पूर्वेकडील भाग होती. भीमेच्या काठी वसलेली मलठण, हिंगणी बेरडी व देऊळगाव ही गावे एकमेकांपासून फार दूर नाहीत. (शिरूर तालुक्यात मलठण नावाचे दुसरे गाव आहे, ते वेगळे.) यांपैकी हिंगणी बेरडी व देऊळगाव यांची पाटीलकी भोसले घराण्याकडे होती. शहाजींचे आजोबा बाबाजी भोसले या गावांचे पाटील होते. धनी व कारभारी यांची वतने अशी एकाच पट्ट्यात होती, ही गोष्ट दादोजीच्या कामगिरीचा विचार करताना सहसा लक्षात घेतली जात नाही. पाटलाच्या घराण्यातून निघालेला सरदार आणि कुलकर्ण्याच्या घराण्यातून निघालेला कारभारी या दोघांनाही गाव म्हणजे काय, ते कशाने मोडते आणि कशाने पुन्हा उभे राहते, याचे ज्ञान घरातूनच मिळालेले होते.

या प्रांताचे दोन स्वाभाविक भाग पडतात. पूर्वेकडील पाटस, सुपे व इंदापूर हा देशाचा भाग सपाट, काळ्या जमिनीचा, परंतु सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने अवर्षणप्रवण आहे. पाटसच्या बाजूस वर्षाकाठी सुमारे ५०० मिमी. पाऊस पडतो आणि तोही बेभरवशाचा असतो. पश्चिमेस पुण्यापलीकडे डोंगरांची रांग सुरू होते. तेथील नद्यांच्या अरुंद खोऱ्यांना मावळ म्हणतात. तेथे पाऊस उदंड, जमीन थोडी, रान दाट आणि वस्ती विरळ. भात व नाचणी ही तेथील पिके. देशावरचा माणूस दुष्काळाने व फौजांच्या वाटचालीने उठत असे. मावळातील माणूस फारसा उठत नसे, परंतु तो कोणाच्या सहजी हातीही लागत नसे. दादोजीच्या कामाचे दोन निरनिराळे अंग या भेदातूनच उत्पन्न झाले.

पुणे व सुपे हे परगणे निजामशाहीकडून मालोजी भोसले यांना जहागीर मिळाले होते व त्यांच्यामागून ते शहाजींकडे आले. मलिक अंबरच्या हयातीत (मृ. १६२६) प्रांताची वसुली त्याने घालून दिलेल्या धाऱ्याप्रमाणे बऱ्यापैकी चालत असे. त्याच्या मृत्यूनंतर निजामशाही खिळखिळी झाली आणि मोगल, आदिलशाही व निजामशाही यांच्या ओढाताणीत हा मुलूख सापडला. १६३० च्या सुमारास शहाजींविरुद्ध चालून आलेला विजापूरचा सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळले व लुटले. गावाच्या पांढरीवर गाढवांचा नांगर फिरवून तेथे लोखंडी पहार ठोकण्यात आली व फाटकी वहाण टांगण्यात आली, अशी हकीकत आहे. पांढरी म्हणजे गावाची वस्तीची जागा आणि काळी म्हणजे शेतीची जमीन. काळी पडीक राहिली तर पुढल्या पावसाळ्यात नांगरता येते. पांढरीवर गाढवाचा नांगर फिरला की ती जागा शापित झाली, असा लोकसमज होता. पुण्याचा कारभार हलवून मुरार जगदेवाने यवतच्या दक्षिणेस, भुलेश्वराच्या प्राचीन देवळाभोवती दौलतमंगळ हा किल्ला बांधला. पाटसहून पुण्याकडे जाताना हा डोंगर डाव्या हातास दिसतो. याच मुरार जगदेवाने पुढे १६३३ मध्ये भीमा-इंद्रायणीच्या संगमावर तुळादान केले व नागरगावाचे तुळापूर झाले, असे परंपरा सांगते. प्रांत उजाड करणारा आणि तीर्थावर दान करणारा पुरुष एकच असणे, यात त्या काळच्या लोकांस विसंगती वाटली नसावी.

त्यातच १६३०–३२ चा भीषण दुष्काळ आला. गुजरात व दख्खन या दोन्ही प्रदेशांत त्याने माणसे व गुरे यांचा संहार केला. युद्धाने उठलेली रयत एरवी एक-दोन वर्षांत परतते. परंतु बैल मेल्यावर ती परतून करणार काय, हा प्रश्न होता. नांगर ओढण्यास जनावर नाही, पेरण्यास बी नाही आणि परत गेल्यास मागील थकबाकीसाठी सरकारचा माणूस दारात उभा राहणार, अशा स्थितीत कुणब्याने परमुलखातच राहणे पसंत केले. गावे ओस पडली, काळीवर बोरी-बाभळी वाढल्या आणि रानातील लांडगे वस्तीच्या जागेपर्यंत येऊ लागले.

१६३६ मध्ये माहुलीच्या वेढ्यानंतर निजामशाही संपुष्टात आली व शहाजी आदिलशाहीच्या चाकरीत गेले. पुणे व सुपे ही त्यांची जुनी जहागीर त्यांच्याकडेच राहिली. मात्र त्यांना स्वतःला कर्नाटकाच्या मोहिमेवर जावे लागले व पुढे त्यांचे वास्तव्य मुख्यतः बंगळूर येथे झाले. जहागिरीची व्यवस्था त्यांनी दादोजीकडे सोपविली. जिजाबाई व बाल शिवाजी यांचे वास्तव्य पुण्यास झाले आणि त्यांच्यासाठी कसब्यात वाडा बांधण्यात आला. तोच पुढे लाल महाल या नावाने प्रसिद्ध झाला. दादोजीचा अधिकार दुहेरी होता. शहाजींचा कारभारी म्हणून तो जहागीर पाहत असे आणि आदिलशाहीचा नेमलेला सुभेदार म्हणून कोंढाण्यावरून आसपासच्या मुलखावर त्याचा हुकूम चाले. त्याने दिलेले निवाडे व महजर आज उपलब्ध आहेत. त्यांतून त्याचे जे रूप दिसते ते सेनापतीचे नाही. ते गोतसभेत बसून वतनाची भांडणे मिटविणाऱ्या मुलकी अधिकाऱ्याचे आहे.

पुनर्लावणीची रीत : ओस गाव वसविण्यासाठी सरकारने रयतेस लेखी अभय द्यावयाचे, यास कौल म्हणत. कौल प्रथम पाटलास मिळे. मागील बाकी मागितली जाणार नाही, वेठ लागणार नाही आणि ठरल्याहून अधिक वसूल होणार नाही, असा दिलासा त्यात असे. पाटील परतला की त्याच्या मागोमाग कुळे येत. कुळे आली की सुतार, लोहार, चांभार, महार इ. बलुतेदार आपापल्या हक्कावर परतत. हा क्रम उलट करून चालत नसे. कारण सुताराशिवाय नांगर उभा राहत नाही आणि नांगर चालल्याशिवाय सुताराचे बलुते पिकत नाही. म्हणून गाव एकएकट्या माणसाने वसत नसून ते एकदम, निदान दहा-पाच घरांचे मिळून, वसावे लागे. कौल गावाच्या नावे व पाटलाच्या हाती दिला जाण्याचे कारण हेच होय.

कौलाचा गाभा म्हणजे इस्तावा. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळाकडून पहिल्या वर्षी नाममात्र आकार घ्यावयाचा, तो दरवर्षी थोडा थोडा वाढवीत न्यावयाचा आणि काही वर्षांनी पूर्ण धाऱ्यावर आणावयाचा, या पद्धतीस हे नाव आहे. सहाकलमी शकावलीत दादोजीने दिलेल्या कौलाची श्रेणी नोंदलेली आहे. त्यानुसार ठरावीक क्षेत्रास पहिल्या साली एक रुपया, दुसऱ्या साली तीन, तिसऱ्या साली सहा असा आकार चढत जाऊन सहाव्या साली तो वीस रुपयांवर पोचे व त्यानंतर मलिकंबरी धारा लागू होई. या आकड्यांत शेतीचे एक रोखठोक गणित आहे. काळी जमीन पाच-सात वर्षे पडीक राहिली की तीत हरळी व कुंदा यांची मुळे खोलवर जातात. ती मोडण्यास जड नांगर व त्याला तीन-चार बैलजोड्या लागतात. एका कुणब्याकडे एकच जोडी असली तर त्याला सावड करून, म्हणजे शेजाऱ्यांची जनावरे एकत्र जुंपून, पाळीपाळीने सर्वांची शेते नांगरावी लागत. पहिल्या वर्षी अशा रानात पीक जेमतेम येते, दुसऱ्या वर्षी थोडे सुधारते आणि जमीन पुरती हाती येण्यास तीन-चार वर्षे जातात. इस्ताव्याची चढण या चढणीला धरून आहे. पहिल्याच वर्षी पूर्ण धारा मागणारा जहागीरदार तीन वर्षांत गाव पुन्हा ओस करून घेत असे.

या पद्धतीचा शोध दादोजीने लावला, असे मानण्याचे कारण नाही. कौल व इस्तावा दख्खनेत त्याच्यापूर्वीही प्रचलित होते आणि ज्या पूर्ण धाऱ्यावर शेवटी जावयाचे तो मलिक अंबरचाच होता. दादोजीचे श्रेय निराळे आहे. त्याने दिलेला शब्द सलग आठ-दहा वर्षे पाळला गेला. जहागिरी वारंवार बदलणाऱ्या त्या काळात हीच गोष्ट दुर्मिळ होती. नवा जहागीरदार जुन्याचा कौल मानीत नसे. म्हणून रयत कौलाच्या कागदाहून तो देणारा किती दिवस टिकेल, याकडे पाही. शहाजी दूर असले तरी त्यांचे कुटुंब पुण्यात येऊन राहिले, वाडा बांधला गेला, कसबा गणपतीचे देऊळ उभे राहिले. या सर्वांतून धनी येथे राहावयास आला आहे, हे लोकांना कळले. जिजाबाईंच्या पुण्यातील वास्तव्याचा वसाहतीवर झालेला हा परिणाम कोणत्याही हुकुमापेक्षा कमी नव्हता. वतनाच्या तंट्यांत त्यांनी स्वतः लक्ष घातल्याचेही पत्रांवरून दिसते.

माणसांची टंचाई व जमिनीची विपुलता ही त्या काळची मूळ परिस्थिती होती. शेजारचे जहागीरदारही आपापल्या ओस गावांसाठी हीच कुळे शोधीत होते. त्यामुळे कुणब्याला निवडीस वाव होता आणि सरकारला त्याची मनधरणी करावी लागे. कौलाची भाषा आर्जवाची आहे ती यामुळेच. तिला केवळ दयाबुद्धी समजणे चूक ठरेल.

परतणाऱ्या व नव्याने येणाऱ्या कुळांत मात्र मोठा फरक होता. ज्याची जमीन वंशपरंपरेने स्वतःची असे, तो मिरासदार. दुसऱ्या गावाहून येऊन कसणारा तो उपरी. मिरासदार वीस-पंचवीस वर्षे परागंदा असला तरी त्याचा हक्क नष्ट होत नसे, असा संकेत होता. ज्या घराण्यातील कोणीच मागे उरले नाही, त्याच्या जमिनीस गतकुळ म्हणत व तीच दुसऱ्यास मिरास करून देता येई. ओस काळात दुसऱ्याने जमीन कसली आणि मग मूळ मिरासदार परत आला की तंटा उभा राही. पाटीलकीच्या बाबतीत तर हे तंटे पिढ्यान् पिढ्या चालत. दादोजीच्या निवाड्यांची संख्या मोठी असण्याचे कारण पुनर्लावणीतच आहे : वसाहत जितकी यशस्वी, तितके परतणारे दावेदार अधिक. गोत जमवून, शेजारगावच्या पाटलांच्या साक्षी घेऊन, जुने कागद पाहून तो निर्णय देई. पुढील काळातील कज्ज्यांत पक्षकार दादोजीच्या वेळच्या वहिवाटीचा हवाला देताना दिसतात.

वन्य पशूंचा उपद्रव हाही वसाहतीतील खरा अडथळा होता. लांडगे मारणाऱ्यांस त्याने बक्षिसे लावली व डोंगरी लोकांकडून रान निर्धोक करून घेतले, असे फार्सी व मराठी दोन्ही साधनांच्या आधारे इतिहासकारांनी नोंदविले आहे. ही बक्षिसे मिळविणारे लोक पश्चिमेकडील डोंगरांतील होते. जहागिरीचा मावळाशी आलेला एक पहिला संबंध शिकारीच्या बक्षिसातून यावा, हे लक्षणीय आहे. कसब्याच्या बाजूने वाहणाऱ्या आंबील ओढ्यास बांध घातल्याचे श्रेयही परंपरा दादोजीला देते. पुण्याच्या पांढरीवरील पहार उपटून, शांती करून तेथे सोन्याचा नांगर धरल्याची कथा सर्वपरिचित आहे. शापाची पहार उपटणे हा लोकांच्या मनातील भीती घालविण्याचा विधी होता. सोन्याच्या फाळाने ढेकूळ फुटत नाही. पण आधी तो फिरल्याशिवाय लोखंडाचा फाळ घेऊन कोणी पुढे आला नसता.

मावळाकडे : देशावर गावे ओस होती, मावळात तसे नव्हते. तेथे एकेका खोऱ्यावर एकेका देशमुख घराण्याची पिढीजात सत्ता होती : रोहिड खोऱ्यात जेधे, हिरडस मावळात बांदल, गुंजण मावळात शिळीमकर, मोसे खोऱ्यात पासलकर. विजापूर वा अहमदनगर यांचे नाव ते घेत, पण वसूल देण्याची वेळ आली की डोंगर त्यांच्या बाजूस असे. शेजाऱ्यांशी त्यांची हाडवैरे चालत. या खोऱ्यांत दादोजीने प्रथम सामोपचाराचा व तो निष्फळ झाल्यास बळाचा अवलंब केला. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने दादोजीने बारा मावळे हस्तगत केल्याचे सांगून जे पुंड होते त्यांस मारल्याचेही नमूद केले आहे. बांदलांनी प्रारंभी त्यास दाद दिली नाही. कान्होजी जेधे यांची मध्यस्थी पुढे उपयोगी पडली, असे जेधे घराण्याच्या कागदांवरून दिसते. थोडक्यात, पूर्वेस ज्याला कौल म्हणत, त्याची मावळातील जागा कित्येकदा तलवारीने घेतली. पुढे हेच जेधे, बांदल व पासलकर शिवाजी महाराजांच्या कार्यात अग्रभागी राहिले, त्यामुळे हा पूर्वेतिहास कथाकारांनी झाकून टाकला. परंतु ही घराणी आपखुशीने आली की आणली गेली, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हता.

देश व मावळ यांच्या सीमेवरील खेडेबारे या तरफेत दादोजीच्या दोन्ही रीती एकत्र आलेल्या दिसतात. कोंढाण्याच्या पायथ्याच्या या खोऱ्यात रान तोडून वस्ती करण्यात आली व शिवापूर ही पेठ वसविली गेली. आंब्याच्या बागा लावण्यात आल्या. धन्याच्या बागेतील आंबा विनापरवाना तोडल्याबद्दल दादोजीने स्वतःचा हात कापून घेण्याची तयारी केली व लोकांनी आवरल्यावर त्या हाताची अंगरख्याची बाही कायमची आखूड ठेवली, ही प्रसिद्ध आख्यायिका याच बागांशी निगडित आहे. ती उत्तरकालीन बखरींतील असून तिचा ऐतिहासिक आधार दुबळा आहे. तथापि सरकारी झाडाचे फळ कारभाऱ्यासही फुकट मिळत नाही, ही गोष्ट रयतेस सांगण्यासारखी वाटली, यावरून त्या काळच्या इतर कारभाऱ्यांविषयीचा अनुभव कळतो. याच खेडेबाऱ्यातील रांझे गावच्या पाटलाने बदअंमल केल्यावरून त्यास झालेल्या शिक्षेचे पत्र जानेवारी १६४६ चे असून ते शिवाजी राजांच्या नावचे आहे. दादोजी त्या वेळी हयात होता. परंतु हुकूम तरुण धन्याच्या शिक्क्याने निघू लागले होते.

देशावरील कुणबी मोठ्या संख्येने मावळात जाऊन वसले, असे घडलेले नाही. पश्चिमेकडे सरकला तो अंमल. माणसांचा ओघ नंतर उलट दिशेने, मावळातून बाहेर, सुरू झाला. देशावरच्या लागवडीमुळे जहागिरीस रोख वसूल मिळू लागला आणि मावळातून तिला पायदळ मिळाले. स्वराज्याच्या आरंभीच्या साधनसामग्रीतील हे दोन घटक पुनर्लावणीच्या दहा वर्षांत जुळून आले.

आख्यायिका व इतिहास : सरहद्दीवरील वसाहतीचा असा नायक इतरत्रही आढळतो. अमेरिकेतील डॅनिएल बून (१७३४–१८२०) हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण होय. ॲपालॅचिअन पर्वताच्या पश्चिमेस वसाहत करण्यास ब्रिटिश सरकारने १७६३ च्या जाहीरनाम्याने मनाई केली होती. तरीही १७७५ मध्ये एका जमीन कंपनीच्या वतीने बूनने कंबरलंड खिंडीतून केंटकीकडे वाट पाडली व बून्झबरो हे ठाणे वसविले. त्या वाटेने पुढे हजारो कुटुंबे पश्चिमेस गेली. १७८४ मध्ये जॉन फिल्सन याने केंटकीवरील पुस्तकात बूनची साहसे प्रसिद्ध केली आणि जिवंतपणीच तो दंतकथेचा विषय बनला. विशेष हे की, ज्याने भूमी खुली केली म्हणून कीर्ती झाली, त्याच बूनचे केंटकीतील जमिनीवरील दावे सदोष कागदपत्रांमुळे बुडाले व १७९९ मध्ये त्याला मिसूरीकडे जावे लागले.

दोन्ही कथांतील साम्य उघड आहे : ओसाड रान, हिंस्र पशू, निर्भय पुरुष व त्याच्यामागून येणारी वस्ती. भेद मात्र मूलभूत आहे. केंटकी रिकामी नव्हती. शॉनी व चेरोकी लोकांची ती शिकारभूमी होती आणि त्यांचा हक्क नाकारूनच वसाहत पुढे सरकली. पुणे प्रांतात ज्यांना बोलाविले ते बहुतांशी त्याच मातीतून उठलेले लोक होते आणि त्यांचा मिरासहक्क गैरहजेरीतही जिवंत मानला गेला होता. बूनजवळ बंदूक होती पण जमिनीचा निर्दोष कागद नव्हता. दादोजीच्या कामाचा सारा भर कागदावर होता. मावळातील देशमुखांच्या बाबतीत मात्र हा भेद अंधूक होतो. त्यांच्या लेखी दादोजी हा बाहेरून आलेला अंमलच होता.

दादोजीच्या आख्यायिकेचा विस्तार प्रामुख्याने अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत झाला. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात दादोजीला शिवाजीच्या शिक्षणाचा व्यवस्थापक म्हणून महत्त्वाचे स्थान दिले आणि पुढील पाठ्यपुस्तकांतून, नाटकांतून व चित्रांतून ‘गुरू’ ही त्याची प्रतिमा रूढ झाली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या प्रतिमेस आक्षेप घेण्यात आले. समकालीन साधनांत दादोजी कारभारी व सुभेदार म्हणून येतो, गुरू म्हणून येत नाही. शिवाजी महाराजांच्या जडणघडणीचे श्रेय जिजाबाई व शहाजी यांचे आहे, असे प्रतिपादन करण्यात आले. या वादाला जातीय राजकारणाचीही धार आली. राज्य शासनाच्या क्रीडा मार्गदर्शकांसाठीच्या पुरस्कारास असलेले दादोजीचे नाव काढण्यात आले आणि डिसेंबर २०१० मध्ये पुणे महानगरपालिकेने लाल महालातील सोन्याच्या नांगराच्या शिल्पसमूहातून त्याचा पुतळा हलविला. गुरुत्वाच्या प्रश्नावर दोन्ही पक्षांनी जितकी शाई खर्च केली, तिच्या दशांशही त्याच्या महजरांवर व कौलांवर झालेली नाही. वास्तविक त्याच्याविषयी निश्चितपणे जे सांगता येते ते याच कागदांत आहे.

१६४७ मध्ये दादोजी मृत्यू पावला व जहागिरीचा कारभार शिवाजी राजांनी स्वतःच्या हाती घेतला. पुनर्लावणीची रीत त्यांनी पुढे चालविली व वाढविली. नव्या कुळास बैल, बी व खाण्यापुरते धान्य द्यावे आणि त्याची फेड दोन-चार वर्षांत सोसेल तशी घ्यावी, हा त्यांच्या राज्याचा परिपाठ सभासदाने वर्णिला आहे. सप्टेंबर १६७६ मध्ये प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास पाठविलेल्या पत्रातही कुणब्यास बैल व दाणे पुरविण्याची आणि गावोगाव फिरून लावणी वाढविण्याची ताकीद आहे. वतनदारांच्या बाबतीत मात्र महाराजांचे धोरण दादोजीहून कडक होते. दादोजी देशमुखास नमवून त्याच्याच हाती खोरे ठेवी. महाराजांनी वसुली शक्यतो सरकारी कामगारांकडे घेतली.

पाटसचा पट्टा त्यानंतरही वारंवार उठला व वसला. भीमेच्या उत्तर तीरावरील पेडगावचा बहादूरगड हे मोगलांचे मोठे ठाणे असल्याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या फौजांची झळ या गावांस लागे. भीमथडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या नदीकाठच्या मुलखातील काटक तट्टे मराठी घोडदळात नावाजली. सपाट रानाने नांगराबरोबर घोड्यालाही जागा दिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुठा नदीवर खडकवासला येथे धरण झाले व त्याच्या उजव्या कालव्याने मावळातील पावसाचे पाणी पाटसच्या रानापर्यंत आणले. पुढे उसाची लागवड वाढून पाटस येथे भीमा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणाचा फुगवटा भीमेतून दौंड तालुक्याच्या पूर्व भागापर्यंत येतो. त्याच्या पाण्याखाली इंदापूर तालुक्यातील पळसदेवाची जुनी पांढरी गेली व ते गाव वरच्या बाजूस नव्याने वसवावे लागले. उन्हाळ्यात धरण उतरले की तेथील जुने देऊळ पाण्याबाहेर दिसू लागते.